जुन्या घराची माती

त्या वर्षी एतामाय गावात पडक्या घरांना मान आला.

एरवी पडकं घर म्हणजे सापा-विंचवांचं घर. लढाईत गाव जळालं तेव्हा माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. कुणी झिगिंशोर शहरात गेलं, कुणी सरहद्दीपलीकडे गांबियात, आणि मागे राहिलेल्या भिंतींवर रान माजलं. आग कुणी लावली हे गावात आता कुणी विचारत नाही; सरकारच्या आणि बंडखोरांच्या, दोन्हीकडच्या बंदुका गावातूनच गेल्या होत्या. पुष्कळ वर्षांनी माणसं परतली आणि जुन्या ढिगाऱ्याशेजारी नवी घरं घालून राहिली. ढिगाऱ्याकडे बघायचं नाही, अशी जणू रीतच पडली.

आम्ही जोला माणसं. देशाच्या पार दक्षिणेच्या कोपऱ्यात खाजणात भात पिकवून राहणारी. राजधानीला आमची आठवण क्वचित होते. पण त्या उन्हाळ्याच्या अखेरीस झाली आणि सांगावा आला: भरपाई समितीचा माणूस येईल, लढाईत ज्याचं घर गेलं त्याला घरापुरते पैसे मिळतील, मात्र पडलेलं घर डोळ्यांना दिसलं पाहिजे. साक्षीदार चालणार नाहीत. तेही खरंच. एतामायमध्ये सगळेच सगळ्यांचे साक्षीदार.

झालं. बाया कोयते घेऊन आपापल्या ढिगाऱ्यांवर तुटून पडल्या. वेली ओढल्या, वारुळं फोडली, भिंतीच्या खुंटापुढचं अंगण झाडून लख्ख केलं. नाताळात देवळापुढे करतात तसं.

ओनोरीनपाशी तेवढं पडकं घर नव्हतं.

ती आणि तिचा नवरा इयासिन्त सगळ्यांच्या आधी गावात परतले होते. तेव्हा चिखलाच्या खाणीकडे जायला बंदी होती. तिथे लढाईत पेरलेले सुरुंग काढायचे राहिले होते. घर तर हवं. जुन्या घराचा ढीग समोरच होता, ओनोरीनच्या सासूनं चौघी जावांना घेऊन बांधलेल्या घराचा. पिढ्यान् पिढ्या धूर खाऊन, पावसाळे सोसून मुरलेली माती. अशी माती टाकून देणं आमच्यात पापच. नवरा-बायकोनं ढीग खणला, पाणी घातलं, पायांनी तुडवला, गोळे करून थरावर थर चढवले आणि त्याच जागी, त्याच पायावर घर उभं केलं. जुन्याच्या निम्म्यानं लहान. उरलेल्या मातीत मुलीसाठी शेजारी एक खोली धरली, पण भिंत गुडघ्यापर्यंत आली आणि दोघांचं बळ संपलं. ती भिंत तशीच राहिली. वरून ताडाच्या झावळ्या टाकलेल्या, कोंबड्या बसायला.

मुलगी फिलोमेन गांबियात होती. लग्न तिथेच झालं, पोरं तिथेच झाली, नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. आता ती दुसऱ्याच्या घरी भाड्याच्या कोपऱ्यात राहून मासे खारवत होती. दर आठवड्याला फोनवर तिचा एकच प्रश्न असे.

"आई, भिंत कुठवर आली?"

"गुडघ्यापर्यंत."

"अजून गुडघ्यापर्यंतच?"

"तुझ्या बापाचे गुडघे आता गुडघ्यापर्यंतच चालतात," ओनोरीन म्हणे, आणि दोघी हसत. फोन ठेवल्यावर ती हसत नसे.

भरपाई मिळाली तर गडी लावून भिंत चढेल, वर पत्रा पडेल, आणि पोरं आजीच्या अंगणात येतील. एवढंच होतं, आणि एवढं सगळं होतं.

"बाई, तुझी कमालच आहे," तिची नणंद मातिल्द म्हणाली. दोघी डोक्यावर शेणखताच्या पाट्या घेऊन खाजणाकडे निघाल्या होत्या. पाऊस जवळ आला होता, हवा ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटत होती. "सगळ्या गावानं आळस केला, त्यांना पैसे. तू घाम गाळलास, तुला काही नाही. वहिनी, पुढच्या जन्मी आळशी हो."

"वन्सं, पाटी सांभाळा. मानेवर गळतंय."

"गळू दे. मला कोण बघायला येतंय?" मातिल्दला नवरा नव्हता की मूल नव्हतं, तिची जीभ मात्र दोन संसारांना पुरून उरेल अशी होती. "तू काय सांगणार आहेस त्या साहेबाला?"

"खरं ते सांगेन. घर होतं, जळालं, त्याचंच हे केलं."

"आणि तो म्हणेल, हे तर चांगलं उभं आहे की!"

समितीचा माणूस शुक्रवारी मोटारसायकलवर मागे बसून आला. उंच, सडपातळ, बूट चिखलानं भरलेले, कपाळावर घाम. लातीर न्गोम, त्यानं नाव सांगितलं. ते नाव ऐकताच अंगणात जमलेल्या बायांत एकच खसखस पिकली आणि मातिल्द कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

"न्गोम? म्हणजे तू सेरेर?"

"सेरेर," तो म्हणाला, आणि पुढे काय येणार हे ओळखून त्याच्या ओठाच्या कडेला हसू आलं.

"अगं बायांनो, सरकारनं आपला गुलामच पाठवलाय!"

सेरेर आणि जोला या दोन जमाती म्हणजे थट्टेचे भाऊबंद. हे नातं लढाईहून आणि सरकारहून जुनं. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही.

"गुलाम कोण ते तुमच्या आजीला विचारा," लातीर म्हणाला. "माझ्या आजोबांनी तुमच्या गावाला विकत घेतलं होतं. पण तुम्ही इतका भात खाल्लात की परवडेना, म्हणून परत केलं."

"बाजरी खाणाऱ्या! पाखरांचं अन्न खातोस आणि बोलतोस?"

वातावरण मोकळं झालं. तो घरोघर फिरला, ढिगारे पाहिले, फोटो काढले. प्रत्येकाकडे ताडीचा पेला पुढे होई आणि प्रत्येकाकडे तो "काम झाल्यावर" म्हणे. ऊन कलायच्या वेळी तो ओनोरीनच्या दारात आला. सारवलेली भिंत, वरचं नीटनेटकं शाकारलेलं छप्पर, दारापुढची जाई. त्यानं आजूबाजूला पाहिलं.

"पडलेलं घर कुठाय?"

"हेच," ओनोरीन म्हणाली.

तो हसला. मागे जमलेली चार माणसंही हसली. ओनोरीन हसली नाही, तेव्हा तो थांबला. तिनं सगळं सांगितलं. इयासिन्त बाजूला लांब फावड्याच्या दांड्यावर भार देऊन उभा होता, मान हलवत होता.

"मावशी," लातीर म्हणाला, आणि आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती, "मला तुमचं पटतंय. पण मी तिकडे काय दाखवू? या फोटोत एक चांगलं घर आहे. ते म्हणतील, घर शाबूत आहे."

"गावाला विचारा."

"गावाला विचारायचं नाही, असाच हुकूम आहे." त्यानं घाम पुसला. "बरं, माळ्यावर भात होतं म्हणता. जळालेल्या धान्याचंही वेगळं मिळतं. किती होतं?"

एक बाई तोंडावर पदर धरून मागे सरली.

माळ्यावर भात किती हे आमच्यात कुणी बोलत नाही. पेंड्या रचणारी बाईच ते जाणते, आणि तिचा देव. नवऱ्याचा माळा वेगळा, बायकोचा वेगळा. एकमेकांचं विचारायचं नाही. जे दिलं ते मोजून दाखवायचं नसतं. मोजलं की दृष्ट लागते असं म्हातारी माणसं म्हणतात. मला वाटतं, मोजलं की देणाऱ्याचा हात आखडतो.

"हे काय विचारणं झालं?" मातिल्द कडाडली. "तुझ्या आईनं वळण लावलं नाही का?"

"आत्या, मला लिहायचं असतं."

"फिलोमेनच्या आई," इयासिन्त हळूच म्हणाला, "काहीतरी सांगून टाक. जळून गेलेल्याला कसली दृष्ट?"

ओनोरीननं नवऱ्याकडे पाहिलं. मग अंगणातल्या गुडघाभर भिंतीकडे, तिथल्या कोंबड्यांकडे.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

लातीरनं रकाना कोरा ठेवला. "सोमवारी सकाळी मी जाणार," तो म्हणाला. "तोवर काही दाखवता आलं तर सांगा." जाताना त्यानं उंबऱ्याबाहेर वाकून तिला नमस्कार केला. ते तिला अपमानापेक्षा जड गेलं.

रविवारी सावरीच्या मोठ्या झाडाखाली उपासना झाली. देवळाला अजून छप्पर नव्हतं. फादर महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी सेलेस्तें प्रवचन करी. आठवडाभर तो ताडी काढायचा, झाडावर चढायचा, आणि म्हणायचा की वरून देवाला हाक जवळची पडते. पण त्याचं प्रवचन म्हणजे ऐकावंच. तो सांगत नसे, गात असे. एक हात छातीवर, दुसऱ्यात खुळखुळा, आणि प्रत्येक ओळीला गावानं जोड द्यायची. माझं अर्धं आयुष्य त्या गाण्यांवर चाललंय. पोटात काही नसलं तरी तेवढ्यानं माणूस घरी भरलेला जायचा.

त्या दिवशी त्यानं देवानं माणूस घडवला ती गोष्ट धरली.

"देवानं माती घेतली, कुठली घेतली?"

"पायाखालची घेतली!"

"तुडवली कशानं?"

"पायांनी, पायांनी!"

लातीर मागच्या ओंडक्यावर बसून टाळ्या वाजवत होता, प्रत्येक टाळी थोडी उशिरा. मातिल्दनं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात मांडीखाली घातले.

"त्या मातीत काय होतं?" सेलेस्तेंनं खुळखुळा वर नेला. "कालचा पाऊस होता. सडकी पानं होती. कुणाचं हाड होतं, कुणाचं बी होतं. देवानं काही निवडून टाकलं का?"

"नाही टाकलं!"

"खडा टाकला?"

"नाही टाकला!"

"म्हणून तुझ्या-माझ्या आत खडा टोचतो गं बाई! आणि बी टाकलं का?"

"नाही टाकलं!"

"म्हणून तुझ्या-माझ्या आत..."

ओनोरीनचा आवाज मधेच थांबला. तिच्या तळपायाला काहीतरी टोचलं. पाय तर चटईवर होते. टोचणं जुनं होतं: ढिगाऱ्याचा चिखल तुडवताना पायाला लागणारं, बारीक, टणक. पहिल्या दिवशी तिनं ते वेचून बाहेर काढलं होतं. काळे दाणे. माळा खाली आला तेव्हा त्याच्यासोबत पडलेलं सासूचं भात, जळून कोळसा झालेलं, पण आकारानं दाणाच. दुसऱ्या दिवशी वेचायचं सोडून दिलं. किती वेचणार? सगळं तसंच तुडवलं, आणि सगळं भिंतीत गेलं.

तिनं वाकून इयासिन्तच्या कानात सांगितलं: भिंतीतले जळके दाणेच आपली साक्ष देतील. त्याचा चेहरा पडला.

"भिंत फोडायची? आपली?"

"आपलीच. दुसऱ्याची फोडून काय उपयोग?"

"पाऊस दारात आलाय, बाई!"

"श्शू," पुढची म्हातारी म्हणाली. "देव घडवतोय, आणि यांच्या गप्पा."

सोमवारी सकाळी मोटारसायकल गावाबाहेर उभी होती. लातीरला ओनोरीननं हाताला धरून आणलं.

"तू सांग कुठे फोडायचं. आम्ही दाखवलं तर म्हणशील, यांनीच पेरून ठेवलं."

तो नाही-नाही म्हणत होता. चांगल्या घराची भिंत त्याच्या सांगण्यावरून फोडायची, हे त्याला सोसेना. मातिल्द म्हणाली, "सांग रे गुलामा, मालकीण विचारतेय." मग त्यानं डोळे मिटल्यासारखं करून आतून भिंतीवर बोट ठेवलं, छातीच्या उंचीवर, माता मरियेच्या तसबिरीच्या खालीच.

इयासिन्तनं तसबीर उतरवली. पलंग ओढला. लोखंडी टोकाचं फावडं घेतलं आणि दोन्ही हातांनी भिंतीत घातलं. सारवण फुटलं, ढेकूळ खाली पडलं. ओनोरीननं उचललं, मोडलं. माती. नुसती माती. दुसरं ढेकूळ. गवताची काडी, शिंपल्याचा तुकडा, माती.

इयासिन्तच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. हा थर वरचा होता का? वरच्या थरांना दुसरीकडची माती घेतली होती का? ओनोरीनला आठवेना. एवढ्या लांबच्या घामाचं काय काय आठवणार?

"मावशी, राहू द्या," लातीर म्हणाला.

"खोल जा," ती नवऱ्याला म्हणाली.

फावडं पुन्हा गेलं. या वेळी मुठीएवढा गोळा निघाला, आतून गडद. तिनं तो मोडला आणि तळहातावर धरला. मातीत काळे दाणे बसले होते, दाटीनं, डाळिंबात बसतात तसे. कुठे जोडीनं, कुठे अजून लोंबीला धरून.

मातिल्दनं तोंडावर हात नेला. "आईचं भात," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पुढे काही बोलली नाही.

लातीरनं एक दाणा नखानं उकरून उजेडात धरला. उलटासुलटा केला. "हे भातच आहे?"

"बाजरीवाल्याला काय कळणार!" मातिल्दला आवाज परत सापडला.

"मला नाहीच कळत," तो सरळ म्हणाला. "म्हणून हा गोळा मला द्या. तिथे शेतकी खात्यातली माणसं आहेत, त्यांना दाखवतो. ते सांगतील, मग लिहिता येईल."

ओनोरीननं मूठ मिटली. सासूच्या हातचं भात, ते परक्या शहरात जायचं. तिथे टेबलावर पडायचं. कुणी मोजायचं.

"परत आणशील?"

"आणेन."

"पाठवायचं नाही. आणायचं."

"आणेन, मावशी."

तिनं डोक्याचा रुमाल सोडला, त्यात गोळा बांधला आणि गाठ मारून त्याच्या हाती दिला.

मग पाऊस आला. आरपार गेलेल्या भोकावर ताडाची झावळी बांधली, तरी वारा आत यायचा आणि रात्री भिंत शीळ घालायची. "बुजवून टाकू," इयासिन्त म्हणाला. ओनोरीन म्हणाली, "तो आला की." इयासिन्त चिखलात फावड्यानं सरी उलटवत राहिला, ओनोरीन आणि मातिल्द गुडघाभर पाण्यात वाकून आवण लावत राहिल्या. कंबर मोडायची, बोटांची कातडी पांढरी व्हायची. एक सरडा भोकात राहायला आला. शेजारणी येताजाता विचारत, "काय, खिडकी केलीस?"

"गुलाम पळाला," मातिल्द रोज म्हणे. "आमच्या पिढीत एकच मिळाला होता, तोही पळाला."

फोनवर फिलोमेन विचारी, "आई, भिंत कुठवर?"

"गुडघ्यापर्यंत. आणि आता एकीला भोकही आहे."

"देवा! मग मी इथेच बरी."

हे ती हसत म्हणे, पण दर वेळी थोडं कमी हसून.

भात पिवळं झालं. बाया कापणीला लागल्या, एकेक लोंबी मुठीत धरून. ओनोरीन पेंड्या बांधून डोक्यावरून घरी नेत होती आणि स्वतःच्या माळ्यावर एकटीच रचत होती. अशाच एका दुपारी ती शिडीवरून उतरली तर अंगणात लातीर उभा. बूट हातात, पाय चिखलानं भरलेले. या वेळी तो चालत आला होता. दुसऱ्या हातात तिचा रुमाल होता, तीच गाठ.

तिनं आधी गाठ सोडली. बातमी नंतर विचारली.

"घर मंजूर झालं," तो म्हणाला. "जळालेलं घर, पूर्ण. पैसे पुढच्या महिन्यात हातात पडतील. भाताचं नाही झालं, मावशी. आकडा नव्हता ना. मी भांडलो. ते म्हणाले, आकड्याशिवाय देता येत नाही."

"बरं झालं," ओनोरीन म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं. घराचे पैसे मिळणार होते, आणि सासूचं भात न मोजता राहिलं होतं. इयासिन्तनं फावडं भिंतीला टेकवलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी जाऊन तसबिरीपुढे उभा राहिला. तसबीर अजून जमिनीवरच होती.

"थोडे दाणे गळाले असतील वाटेत," लातीर ओशाळून म्हणाला. "तिथे सगळ्यांनी हाताळला."

ओनोरीननं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मोजलेस?"

"नाही," तो म्हणाला. "मोजायचे नसतात ना."

मातिल्द खळ्यावरून धावत आली होती, केसांत तूस, हातात कोयता. बातमी तिनं अर्धी ऐकली आणि उरलेली तोंडावरून वाचली. डोळे पुसले, मग कमरेवर हात ठेवले.

"ते सगळं ठीक. पण भोक कुणी पाडायला लावलं? बुजवणार कोण?"

"मी सरकारी माणूस आहे, आत्या."

"बूट काढलेलेच आहेत. चल."

गावानं ती गंमत अजून विसरलेली नाही. राजधानीचा माणूस पॅन्ट मांडीपर्यंत गुंडाळून चिखल तुडवतोय, इयासिन्त कडेनं पाणी ओततोय, आणि सेलेस्तें ताडीचा घडा घेऊन येतायेता तिथेच थांबून गायला लागलाय, "तुडवली कशानं?", आणि अंगण उत्तर देतंय, "पायांनी, पायांनी!" या वेळी लातीरची पावलं तालात पडत होती. मातिल्दनंसुद्धा ते कबूल केलं. "बाजरी उतरली आता अंगातली," ती म्हणाली.

त्यानं भोक बुजवलं. ओबडधोबड बुजवलं, आणि शेवटी पंजा दाबून थोपटलं. ओनोरीन सारवायला पुढे झाली. सगळीकडून हात फिरवला, कडा मिळवल्या. त्या पंजाशी आल्यावर हात बाजूनं नेला आणि तसबीर थोडी वर टांगली.

रुमालातला गोळा तिनं तिथे घातला नाही. तो घेऊन ती अंगणात गेली, कोंबड्या हाकलल्या, झावळ्या काढल्या, आणि उरलेल्या ओल्या चिखलात तो हलक्या हातानं मिसळला. गुडघाभर भिंतीवर नवा थर चढायला लागला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी शेजारणी आल्या. ज्या खिडकी म्हणून हसल्या होत्या त्याही आल्या. ताडी फिरली. ऊन उतरेपर्यंत भिंत वर गेली.

फोन लागायला वेळ लागला. पलीकडे पोरांचा कालवा होता.

"आई? आज तर वार नाही तुझा. काय झालं?"

"काही नाही," ओनोरीन म्हणाली. मातीचा हात लागून फोन घसरत होता, तिनं तो दोन्ही हातांनी धरला. "भिंत कमरेपर्यंत आलीय. तू येईपर्यंत छातीला लागेल. निघ."